माफीचे सहा डबे

१७ ऑक्टोबर, हामादा

मी दैनंदिनी लिहिणारी बाई नाही. एकेचाळीस वर्षं शाळेत गणित शिकवलं. जे सिद्ध करता येतं ते फळ्यावर लिहायचं, बाकीचं मनात ठेवायचं, ही माझी शिस्त. पण आज दुपारी माझ्यावर एक खोटा आळ आला आणि माझ्याच मैत्रिणीने माझ्या देखत कमरेत वाकून तो मान्य केला. घरी परतल्यावर या गोष्टीला पाय फुटणार हे मला माहीत आहे. म्हणून जे झालं ते त्याच दिवशी लिहून ठेवते आहे. वही इथल्या दुकानातली. मुखपृष्ठावर फ्रॉक घातलेलं मांजर आहे. दुसरी वहीच नव्हती.

गोत्सुहून सकाळी नऊला निघालो. पुढे मी, मध्ये चिझुरु, शेवटी तोमिए. हा क्रम कॉलेजच्या सायकल क्लबपासूनचा आहे. मी तेव्हा कप्तान होते आणि या दोघी मला अजूनही त्याच नावाने हाक मारतात. तोमिए माझ्या वर्गातली. पुढे तिने तीस वर्षं इस्पितळात रोग्यांचा आहार ठरवला. स्वतःचा कधी ठरवला नाही. चिझुरु आमच्या एक वर्ष मागे होती, म्हणून सत्तरीला टेकली तरी मला अहोजाहो करते. ग्रंथालयात नोकरी केली, त्यामुळे आवाज खालचा. दर शरद ऋतूत आम्ही तिघी सायकलीवर बाहेर पडतो. ही तेविसावी सहल. समुद्राच्या कडेकडेने हागीपर्यंत जायचं.

दुपारी वाटेतलं गाव संपता संपता एक छोटा पांढरा ट्रक डाव्या कडेला उभा होता, म्हणजे असणार. माझ्या हँडलला त्याचा आरसा लागला आणि फुटला. मालक समोरच्या घरातून बाहेर आला. ओठाला शेवयाचा तुकडा चिकटलेला होता. बोलताना तो हलत होता. मला दुसरीकडे बघावं लागलं.

"अहो बाई, एवढी पांढरी गाडी दिसली नाही तुम्हाला?"

"तुमचा आरसा रस्त्यात आला होता."

"रस्त्यात? चाकं बघा की! रेषेच्या आत हातभर आहेत."

मी रेषेचं अंतर मोजणार होते. तेवढ्यात चिझुरु मध्ये आली आणि डोकं गुडघ्याला लागेल इतकी वाकली. "चूक आमचीच आहे. मनापासून माफ करा."

मला शिसारी आली. चूक नसताना वाकायचं, कारण वाकणं सोपं पडतं! वर्गात मुलं अशीच करायची. गणित सोडवायच्या आधीच "चुकलं बाई" म्हणून मोकळी.

मी पुढे निघून गेले. दोघी अर्धा तास मागे राहिल्या. तोमिए म्हणाली, तिला शौचालय सापडेना.

रात्रीच्या मुक्कामाच्या खानावळीबद्दल दोन शब्द. स्नानघराच्या मोरीत दुसऱ्या कोणाचे केस होते. खोलीत ओलसर चटईचा वास आहे. कागदी सरकतं दार इतकं कुचकामी बसवलंय की जाताना माझा खांदा त्यातून आरपार गेला. जूनपासून माझ्या डाव्या खांद्यावर कुठल्या ना कुठल्या दाराने दिलेला निळा डाग असतोच. हल्ली सुतार नीट काम करत नाहीत.

जेवणात मला भातच दिला नव्हता. मी वाढणारीला हाक मारणार, तोच तोमिएने कुठून तरी वाडगा काढून माझ्या उजव्या हाताला, सूपाच्या पलीकडे ठेवला. भात डावीकडे, सूप उजवीकडे. हे दूध पिणाऱ्या पोरालाही कळतं.

"आईने शिकवलं नाही का तुला?" मी म्हटलं.

"आज उजवीकडून जेव गं. पुण्य लागेल," ती म्हणाली आणि तोंडातला घास दाखवत हसली.

तिच्या सायकलीच्या मागच्या पिशवीत मिठाईचे सहा डबे आहेत. आमच्याच हिमेजीतल्या दुकानाचे, रेशमी कागदात बांधलेले. विचारलं तर म्हणते, वाटेत भूक लागली तर. माणसाने खावं, पण काही मर्यादा?

१८ ऑक्टोबर, मिसुमि

आज तिघींचीही मनं आंबली.

सकाळी समुद्र चांगला होता. किनारा मात्र नाही. खडकांच्या बेचक्यांत प्लॅस्टिकच्या बाटल्या, बुटांचे तळवे, जाळ्यांचे गोळे, आणि त्यांत अडकून कुजलेला एक पक्षी. तोमिए त्याच्याकडे बघत शांतपणे केळं सोलत होती.

जेवायचं गाव तीन किलोमीटरवर असल्याची पाटी मी स्वतः वाचली. म्हणून वाटेतल्या शेवयांच्या दुकानाशी थांबू दिलं नाही. गाव तेरा किलोमीटरवर निघालं. पोचलो तेव्हा स्वयंपाकघर बंद झालं होतं. एका यंत्रातून कॉफी घेतली. गोड, कोमट, पत्र्याच्या चवीची.

"पाटीवर तेरा होतं," चिझुरु म्हणाली. अगदी हळू.

"तीन होतं."

"हो. तीनसुद्धा होतं त्यात."

हे काय बोलणं झालं? माणसाने एक तर हो म्हणावं, एक तर नाही. ती पूर्वी अशी नव्हती. आणखी एक सवय तिला लागली आहे. ओळीत माझ्यामागे चालायचं सोडून ती माझ्या डाव्या अंगाला घुसते. मी वळून बघते तेव्हा दिसत नाही, आणि मग अचानक उगवते. दोघींनी शेजारी शेजारी सायकल चालवणं कायद्यात बसत नाही. दोनदा बजावलं.

"हो, कप्तान," म्हणते आणि पुन्हा येते. माशीसारखी.

दुपारी एका शेताच्या कडेला पर्सिमॉनची मांडणी होती. फळं मांडून मालक आपला घरी, ज्याला हवी त्याने डब्यात पैसे टाकून उचलावीत. मांडणी रस्त्यात इतकी पुढे काढली होती की माझं चाक तिच्या पायाला लागलं आणि सगळी खाली आली. पिकलेली फळं. माझे मोजे, साखळी, चाकाच्या तारा, सगळीकडे तो नारिंगी चिकट गर. ओकारी यायची बाकी राहिली. मी नळ शोधायला पुढे गेले. या दोघी पुन्हा मागेच. अर्ध्या तासाने आल्या तेव्हा चिझुरुच्या गुडघ्यांना माती लागली होती.

"काय करत होतीस?"

"फळं वेचत होते."

"दुसऱ्याची?"

तोमिए म्हणाली, "कप्तान, तू एकदा तरी न विचारता पाणी पी."

संध्याकाळी मुद्दाम पाहिलं. सहापैकी तीन डबे उरले आहेत. दोन दिवसांत तीन डबे मिठाई! कागदसुद्धा शिल्लक नाही. या वयात, त्या वजनावर, चोरून. मला तिची कीव आली असती, पण आधी किळस आली.

२० ऑक्टोबर, मासुदाच्या अलीकडचं एक मच्छीमारांचं गाव

काल दिवसभर पाऊस. लिहिण्यासारखं काही झालं नाही. तोमिए घोरली.

आजचं सगळं लिहायला हवं.

सकाळी दहाच्या सुमारास भाताच्या शेतांमधून रस्ता जात होता. कापणी झालेली. पेंढ्या बांबूंवर उलट्या वाळत टाकलेल्या. डावीकडे पाण्याचा सिमेंटचा पाट होता, दोन हात खोल. समोरून दुधाची गाडी आली म्हणून मी कडेला सरले. काहीतरी लागलं, किंचाळी ऐकू आली, आणि मी थांबले तेव्हा चिझुरु पाटात होती. सायकल तिच्या अंगावर. पुढचं चाक वाकून आठचा आकडा झालेलं.

"घंटी का नाही वाजवलीस? माझ्या डावीकडे येऊ नकोस म्हणून किती वेळा सांगायचं?"

"मीच घसरले," ती पाटातून म्हणाली. कपाळातून रक्त येत होतं. "तुमचा काही संबंध नाही, कप्तान. शेवाळं होतं."

रस्त्यावर कसलं शेवाळं! पण मी म्हटलं, कबूल करते आहे तर करू दे.

जवळच्या खानावळीत तिला नेलं. तीही धड खानावळ नाही. गळ टाकायला येणाऱ्या लोकांसाठी दोन खोल्या. मालकीण शिमे आजी, शहाऐंशी वर्षांची, पाठ कोयत्यासारखी वाकलेली. अंगणात दोऱ्यांवर मासोळ्या वाळत होत्या आणि त्यांच्यावर माश्या. तिने त्याच हातांनी चिझुरुचं कपाळ धुतलं.

मनगट मुरगळलं आहे, मोडलेलं नाही. पट्टी बांधायला कापड हवं होतं. तोमिएच्या पिशवीत औषधं असतात, म्हणून मी ती उघडली. वर तीन डबे. एकाचा कागद सुटला होता. आत एक पांढरी चिठ्ठी होती, शाईच्या ब्रशने लिहिलेली. तोमिएचं अक्षर सुंदर आहे, ते मी नाकारत नाही.

'आपल्याला झालेल्या त्रासाबद्दल मनःपूर्वक क्षमस्व. शिराकी मिनेको.'

ते माझं नाव आहे.

मी उरलेले दोन्ही डबे फोडले. दोन्हींत तीच चिठ्ठी. तोच मजकूर, तेच नाव.

मी डबे घेऊन आत गेले आणि चटईवर ठेवले. चिझुरुने तोंड फिरवलं. तोमिए मासोळी चघळत होती, ती थांबली.

"हे काय आहे?"

"मिठाई," तोमिए म्हणाली.

"ते दिसतंय मला."

"तेवढं दिसतं, हो."

"तोमिए!" चिझुरु म्हणाली.

मग एकेक करून बाहेर आलं. ट्रकवाल्याकडे या दोघी डबा घेऊन गेल्या होत्या. हामादाच्या खानावळीत, दारासाठी. पर्सिमॉनवाल्याच्या अंगणात चिझुरु गुडघे टेकून बसली होती. सगळीकडे माझ्या वतीने, माझ्या नावाने. मी पुढे शिट्टी गळ्यात घालून चाललेली, आणि मागे या दोघी वाकत वाकत येत होत्या.

"पण हे डबे हिमेजीचे आहेत," मी म्हटलं. मला हे समजायला वेळ लागला, हे लिहायला लाज वाटते. "निघायच्या आधी घेतलेले. चिठ्ठ्यासुद्धा आधी लिहिलेल्या."

मी तिन्ही चिठ्ठ्या शेजारी शेजारी ठेवल्या.

"म्हणजे माझ्या चुका तुम्ही आधीच बांधून आणल्या होत्या. सहा."

"मी चार म्हणत होते," तोमिए म्हणाली. "चिझुरु म्हणाली, सहा घेऊ."

मी तिला मारलं नाही. हेही नोंदवून ठेवते.

चिझुरु म्हणाली, "ऑगस्टमध्ये आम्ही तुमच्याकडे जेवायला आलो होतो. मी तुमच्या डावीकडे बसले. दोन तास तुम्ही माझ्याशी एक शब्द बोलला नाहीत. मला वाटलं, रागावलात. मग तुम्ही तोमिएला विचारलंत, चिझुरु कुठे गेली?"

"मला आठवत नाही."

"तुम्हाला डावीकडचं दिसत नाही, कप्तान."

"मग ऑगस्टमध्येच का नाही सांगितलंस?"

"कसं सांगणार? मागे मी नुसतं म्हटलं होतं की चष्मा बदलायला हवा, तर तुम्ही महिनाभर माझा फोन उचलला नाहीत."

तोमिए म्हणाली, "आणि खरं सांगू? तू सायकल सोडलीस की आमचंही संपलं. आमच्यापैकी नकाशा कोणाला वाचता येतो? कोण पहाटे लाथा घालून उठवतं? आम्हाला अजून एक सहल हवी होती गं. एकच. चिझुरु म्हणाली, मी डावीकडून चालेन. मी म्हटलं, मी माफ्या मागेन. ठरलं."

मी आजवर हलगर्जी लोक पाहिले, खोटारडे पाहिले, नक्कल करणारी मुलं पाहिली. पण इतका नम्र, इतका गोड, रेशमी कागदात बांधलेला फसवेपणा पाहिला नव्हता. तोमिए लपूनछपून खाते असं वाटत होतं, तेव्हा मी तिला मनातल्या मनात माफ तरी करू शकत होते.

शिमे आजी दारात बसून हे सगळं ऐकत होती. नाक खुपसायची गरज नव्हती, पण तिने खुपसलं.

"तुम्ही तिघी शिकलेल्या ना गं?"

"हो," मी म्हटलं.

"वाटत नाही. ही आंधळी, आणि या दोघी आंधळीला पुढे घालून मागनं दिवा दाखवतायत. इकडे ये पोरी, बस समोर."

एकोणसत्तराव्या वर्षी मला पोरी म्हणणारी ती पहिलीच. मी बसले. तिने चहाचा पेला माझ्यापुढे ठेवला.

"माझ्या नाकाकडे बघ. नाक सोडून कुठं बघायचं नाही. पेला कुठाय?"

"समोर."

तिने तो उजवीकडे सरकवला. "आता?"

"उजवीकडे. दिसतो आहे."

मग तिचा हात हलला. "आता?"

"उचललात तुम्ही."

"उचलला नाही. नाकाकडे बघ म्हटलं ना! डावा डोळा झाक."

हे मला पटलं. एक डोळा अधू असेल तर दुसऱ्याने दिसायला हवं. पडताळा असाच घेतात. मी डावा झाकला. पेला नव्हता. डावा उघडून उजवा झाकला. पेला नव्हता. तिथे काळोखही नव्हता. काळोख असता तर मला कळलं असतं. तिथे काहीच नव्हतं, आणि ते नसणंही जाणवत नव्हतं.

"हात लाव," आजी म्हणाली.

मी तिच्या नाकाकडे बघत डावा हात पुढे केला. बोटांना पेला लागला. गरम होता.

"माझ्या भावाचं असंच झालं होतं," ती म्हणाली. "होडी घेऊन धक्क्याला आदळला. बाकीचे म्हणाले, दारू प्यायला. तो बिचारा दारूला शिवत नव्हता. पण कोणी तोंडावर बोललं नाही. लोकलाज! तिसऱ्या वेळी धक्क्यावर माणूस होता."

मी बाहेर जाऊन त्या मासोळ्यांखाली ओकले. कॉफी, भात, सगळं. माश्या तिकडे आल्या.

मांडणीच्या जागी कोणी फळं निवडत उभं असतं तर? मी तोच विचार करते आहे. मी थांबले नसते. मी नळ शोधायला पुढे गेले असते.

२१ ऑक्टोबर, मासुदा

सकाळच्या गाडीने डोळ्यांच्या दवाखान्यात गेलो. तिघी. तोमिएने डाव्या बाजूला बसायची हिंमत केली नाही.

एका अंधाऱ्या पेटीत हनुवटी ठेवायची, मधल्या ठिपक्याकडे बघायचं, आणि कडेला दिवा लुकलुकला की बटण दाबायचं. हनुवटीच्या टेकूवर आधीच्या माणसाच्या घामाचा वास होता. पुसायला सांगितलं. तपासणाऱ्या मुलीने पुसलं. मग दिवे उजवीकडेच लागत राहिले.

"तुमचे डावीकडचे दिवे गेलेत का?" मी विचारलं. कालचा पेला आठवत होता, तरी विचारलं. एवढं लिहून ठेवते.

"नाही हो, सगळे लागतायत," ती मुलगी म्हणाली. तिच्या आवाजात दया होती. मला ती नको होती.

डॉक्टर तरुण होते. त्यांनी दोन कागद माझ्यापुढे ठेवले, एक त्या डोळ्याचा, एक या डोळ्याचा. मग दोन्ही उजवीकडे सरकवले, शहाणा माणूस. प्रत्येक वर्तुळाचा उजवा अर्धा पांढरा. डावा काळा, पट्टी लावून आखावा तसा. एवढी सरळ मधली रेघ माझ्या विद्यार्थ्यांना कधी काढता आली नाही.

"डोळे ठणठणीत आहेत तुमचे," ते म्हणाले. "बिघाड डोक्यात आहे, मागच्या बाजूला. बारीकशी रक्तवाहिनी बंद झाली असावी. मध्यंतरी कधी डोकं खूप दुखलं होतं का?"

"जूनमध्ये. दोन दिवस. पावसाळी हवेचं वाटलं."

"दवाखान्यात गेला होतात?"

"नाही."

"एकट्या राहता?"

"हो."

त्यांनी मान हलवली. चार महिने झाले, म्हणाले, आता फार काही परत येईल असं वाटत नाही. मोठ्या इस्पितळासाठी चिठ्ठी दिली. घरी पोचताच डोक्याचं चित्र काढून घ्या, कारण दुसरी रक्तवाहिनी वाट बघत बसत नाही.

"सायकल?" मी विचारलं.

"नाही."

"उजव्या कडेने चालवली तर?"

ते हसले नाहीत. "शिराकीबाई, तुम्ही शिक्षिका होतात ना? तुमच्या विद्यार्थ्याने असं विचारलं असतं तर?"

मी शून्य दिलं असतं. कागद घडी करून वहीत ठेवले.

बाहेर तोमिए आणि चिझुरु बाकावर शाळकरी मुलींसारख्या बसल्या होत्या. तोमिए रडत होती. नाक पुसायला रुमालसुद्धा नव्हता, बाहीनेच. मी माझा दिला. परत नको म्हणून सांगितलं.

२२ ऑक्टोबर, शिमे आजीकडे

आज मी एकटी रेल्वेने मागे गेले. दोघींना बरोबर यायचं होतं. नको म्हटलं. जी माफी मी मागितलीच नाही, ती माझ्या नावावर राहू द्यायची माझी तयारी नाही. हाताने डावीकडे चाचपत, मान सारखी फिरवत चालले. कोंबडीसारखी. फलाटावर एका माणसाला धक्का लागला, त्याची माफी तिथेच मागितली.

ट्रकवाला कौलांच्या कारखान्यातून नुकताच आला होता. लाल धूळ भुवयांपर्यंत. मी वाकले.

"मीच आरसा फोडला. आणि वर तुम्हालाच दोष दिला. मला डावीकडचं दिसत नाही. तेव्हा माहीत नव्हतं."

"अहो, त्याच दिवशी दोघी येऊन गेल्या की! डबा देऊन." तो गोंधळला. "आणखी किती जणी येणार आहेत? मिठाई चांगली होती हं."

"ती मी दिलेली नव्हती. मी रिकाम्या हाताने आले आहे."

त्याने डोकं खाजवलं. मग म्हणाला, "चहा घ्याल का?" त्याच्या पेल्याच्या काठावर ओठांचा तेलकट ठसा होता. मी घेतला.

हामादाच्या खानावळवालीने दारावर नवा कागद लावला होता. ती माझ्यापेक्षा खाली वाकत राहिली. मी वाकले की ती आणखी खाली. शेवटी दोघी जमिनीला लागायच्या आत मीच थांबले. भाताबद्दल मात्र तिला सांगितलं: वाडगा दिला होता, मला दिसला नाही, मनातल्या मनात तुम्हाला नावं ठेवली होती. ती म्हणाली, हे सांगायची काय गरज होती? गरज होती.

पर्सिमॉनवाला वाईट माणूस निघाला, म्हणजे चांगला. तो म्हणाला, "बरं झालं स्वतः आलात. त्या दोघी इतक्या रडल्या की मला रागावताच आलं नाही. माझी नात रोज त्या मांडणीशी बसते. त्या दिवशी तिला ताप होता म्हणून घरी होती. कळलं का?"

"कळलं."

"तुमचं वय काय, अक्कल काय!"

"बरोबर आहे."

तो मनसोक्त बोलला. मी उभी राहून ऐकलं. तीन दिवसांत पहिल्यांदा मला अंग धुतल्यासारखं वाटलं.

परत आले तेव्हा अंगणात तोमिए चिझुरुचं वाकलेलं चाक दगडाने ठोकत होती. ठोकून सरळ होण्यातलं ते नाही. दुकानात विचारलं, तसलं चाक मागवायला आठवडा लागेल.

"तिघी गाडीनेच घरी जाऊ," चिझुरु म्हणाली. मनगटाची सूज उतरली आहे. ती बोटं हलवून दाखवते.

"हागी इथून दोन दिवसांवर आहे," मी म्हटलं.

"म्हणून काय?"

"एक सहल हवी होती ना तुम्हाला? मग अर्धी काय म्हणून?"

तोमिएने दगड खाली ठेवला. "आणि तू?"

"मी सामान घेऊन रेल्वेने. प्रत्येक मुक्कामी तुमच्या आधी पोचेन आणि उशीर केलात तर बोलेन."

"म्हणजे नेहमीसारखं," चिझुरु म्हणाली.

"तू अजून मला माफ केलेलं नाहीस ना?" तोमिएने विचारलं.

"नाही."

"मी डबा देऊ?"

चिझुरुने तोंडावर हात दाबला. मला हसायचं नव्हतं. शिमे आजी दारातून म्हणाली, उरलेले तीन डबे ती सकाळीच शेजाऱ्यापाजाऱ्यांत वाटून मोकळी झाली आहे, चिठ्ठ्यांसकट. आता गावात सगळे विचारतायत, ही शिराकी मिनेको कोण आणि हिने आपलं काय केलं?

२३ ऑक्टोबर, सकाळी सात, शिमे आजीचं अंगण

आज सुपूर्द केलेल्या वस्तूंची नोंद. देणार: शिराकी मिनेको.

तोमिएला:
नकाशा, एक, हागीपर्यंतचा. चढ लाल पेन्सिलीने दाखवले आहेत. अंतरं मी काल तिच्याकडून मोठ्याने वाचून तपासून घेतली. चार ठिकाणी माझ्या आकड्यांतला पहिला अंक राहून गेला होता. दुरुस्त केले.
शिट्टी, एक. तिने घेताना पुसली नाही.
पुढची जागा.

चिझुरुला:
सायकल, एक. पोलादी, हिरवी, कोबेतल्या कारागिराने माझ्या मापाने बांधलेली, अडतीस वर्षं वापरातली. साखळीतला फळांचा गर काल काढला, तेल दिलं. पुढचा ब्रेक उजव्या हाताला आहे आणि तो जोरात धरतो, तसं सांगितलं.
कुलपाच्या किल्ल्या, दोन.
पोलिसांकडच्या नोंदणीचा कागद. मालकाच्या नावाची जागा बदलण्यासाठी माझी सही केलेली.
हवा भरायचा पंप, पंक्चरची डबी, सुट्या तारा तीन.

ती माझ्यापेक्षा बुटकी आहे. सीट तीन बोटं खाली केली. दांड्यावर माझ्या उंचीची खूण म्हणून पांढरी पट्टी चिकटवलेली होती, ती नखाने खरवडून काढून टाकली.